गोलापजानचं निवळलेलं पाणी

आमच्या वस्तीत बाई मेली की पहिला निरोप इमामसाहेबांकडे जात नाही, गोलापजानकडे जातो. मेलेल्या बाईला आंघोळ बाईनंच घालायची, आणि त्या कामाला तिच्यासारखा हात शीतलक्ष्या नदीच्या या काठावर दुसरा नाही. मी बावीस वर्षं तिच्या हाताखाली आहे. ती धुते, मी पाणी ओतते. एरवी मी डाईंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर चितोई विकते. खापरीवर भाजलेला तांदळाचा जाड पिठा, घावनासारखा, आणि बरोबर सुक्या मासळीचं झणझणीत भरीत. सालेहा पिठेवाली म्हटलं की माझ्या चितोईआधी लोकांना माझं तोंड आठवतं. ते तोंड मी फक्त मयतापाशी आवरते, कारण तिथला नियमच आहे. धुताना जे दिसलं ते बाहेर सांगायचं नाही. डाग असो, व्रण असो, गाठ असो, चादरीखाली दिसलं ते चादरीखालीच राहिलं पाहिजे.

गोलापजानला मी बुबू म्हणते, म्हणजे थोरली बहीण. माणूस म्हणून ती गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. हट्टी, शिस्तीची आणि पानाच्या बाबतीत हावरट. स्वतःच्या नवऱ्याच्या मयताला ती रडली नाही, कारण त्या दिवशी शेजारची एक म्हातारीही गेली होती आणि तिला धुवायचं होतं. काम तिनं आईकडून घेतलं. आईनं तिला सांगितलं होतं की पाण्याला रंग नको, वास नको, चव नको. या तीन गोष्टी बघायच्या आणि मगच मयताच्या उजव्या बाजूनं सुरुवात करायची. त्यामुळे मी कितीही पाणी भरून ठेवलं तरी बुबू आधी बोट बुडवणार, जिभेला लावणार, क्षणभर थांबणार, थुंकणार आणि मग म्हणणार, "ओत."

सुरुवातीला आम्ही ओढ्याचंच पाणी घ्यायचो. मग पहिलं डाईंग आलं. त्याच्यामागे दुसरं आलं आणि बघता बघता ओढ्याच्या दोन्ही काठांना भिंती उभ्या राहिल्या. ओढा कधी कुठल्या रंगाचा होता ते मला मयतांवरून आठवतं. आंबियाची सासू गेली तेव्हा जांभळा होता. जुळ्यांना जन्म देताना रोशनारा गेली तेव्हा गवती हिरवा. आधी आम्ही मशिदीच्या तळ्याकडे वळलो, ते नासलं तेव्हा हातपंपाकडे. मग हातपंपालाही पिवळट पाणी येऊ लागलं. डाईंगवाले जमिनीच्या पोटातून इतकं खोल पाणी ओढत होते की आमच्या पंपांना राहिलेला गाळ तेवढा यायचा, आणि ओढ्यातलं जे मुरलं असेल ते.

बुबूचं नाव सगळीकडे झालं ते होडीवाल्या मोतालेबच्या आईच्या वेळी. आम्ही पंपाचं पाणी भरलं, बुबूनं बोट जिभेला लावलं आणि बादली पायानं ढकलून दिली. बाहेर पुरुषांची चुळबुळ सुरू झाली. एक म्हातारे काका म्हणाले, "अगं बाई, पाणी म्हणजे पाणी. नियत साफ असली की झालं."

बुबू दारातूनच म्हणाली, "काका, यात तुम्ही तुमची जुम्म्याची लुंगी धुवाल?"

"लुंगीचं काय काढलंस इथे?"

"लुंगीला नको वाटतं ते मोतालेबच्या आईला चालतं होय?"

मोतालेब आईला तशीच ठेवून होडी घेऊन नदीपलीकडे गेला आणि सहा कळशा घेऊन आला. मयत दुपार टळेपर्यंत थांबलं. त्या दिवशी अर्ध्या वस्तीनं बुबूला शिव्या घातल्या आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीनं मनात ठरवलं की आपल्यालाही हिच्याच हातची आंघोळ मिळावी.

पण दर वेळी होडी कोण काढणार? मयत काय होडीवाला मोकळा आहे का ते बघून होतं? तेव्हा बुबूनं अंगणात मडकी मांडली. पुराच्या दिवसांत तिची आई गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, तेवढंच तिला ठाऊक होतं. त्यावर तिनं आपलं डोकं चालवलं. पहिल्या मडक्यात तुरटी फिरवून रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद दुसऱ्यात घ्यायचं, त्याच्या तळाला वाळू आणि कोळसा आणि बुडाला भोक. तिसऱ्यात चिमूटभर ब्लीचिंग पावडर, आणि तिचा वास उडेपर्यंत दिवसभर उन्हात. महिनाभर ती हेच करत होती. कधी कोळसा जास्त व्हायचा, कधी तुरटीनं पाणी तुरट लागायचं. एका सकाळी तिनं काचेचा पेला भरून माझ्या तोंडासमोर धरला आणि पलीकडून बघितलं.

"काय दिसतंय बुबू?"

"तुझं तोंड दिसतंय. म्हणजे अजून एकदा गाळायला पाहिजे."

एवढं म्हणून ती हसली. पानानं रंगलेले सगळे दात दाखवून हसली. ते पाणी खरोखर काचेसारखं होतं. रंग नाही, वास नाही, चव नाही.

पुढचं सांगायलाच नको. मेलेल्यांना इतकं चांगलं पाणी आणि जित्यांनी काय पिवळं प्यायचं? एकीनं कळशी आणली, दुसरीनं आणली. तीन मडक्यांची तीस झाली. पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर बुबूच्या अंगणात बायकांची रांग लागायची. ती कुणाकडून काही घेत नसे. ज्यांना जमेल त्यांनी तुरटीचा खडा आणावा, नाही जमलं तर नाही. "तहानलेल्याला पाणी पाजणं हे मयत धुण्याइतकंच पुण्याचं," असं ती म्हणायची आणि जरा ताठ बसायची. तिला अभिमान होता, आणि मला विचाराल तर असायलाच हवा होता. डाईंगच्या मालकांनी, सरकारी माणसांनी, फोटो काढून गेलेल्या शहरी पोरींनी जे केलं नाही ते या निरक्षर बाईनं तीस मडक्यांत केलं होतं. असं तेव्हा वाटायचं.

पारुल तिची एकुलती एक मुलगी. नवरा मलेशियाला गेला आणि त्यानं तिकडेच दुसरं घर मांडलं. पारुल परत आईकडे आली आणि डाईंगमध्ये लागली. तिचं काम रंगघरात, म्हणजे रंगाची भुकटी मोजून द्यायची. इतके ग्रॅम निळी, इतके पिवळी. मोठ्या चमच्यानं डब्यातून काढायची तेव्हा धूर उडावा तशी भुकटी उडायची. परदेशी पाहुणे तपासणीला यायचे त्या दिवशी सगळ्यांना मास्क आणि हातमोजे मिळायचे. पाहुणे गेले की संध्याकाळी ते मोजून परत घ्यायचे. पारुल सुट्टीनंतर माझ्याकडे चितोई खायला थांबायची. तिच्या नाकपुड्यांच्या कडांवरून मला कळायचं आज कुठला रंग होता ते.

एकदा ती म्हणाली, "खाला, पूर्वी एक रंग महिना-दोन महिने चालायचा. आता पंधरा दिवसांत नवा. आज गुलाबी धुऊन होत नाही तोवर उद्या विटकरी."

"एवढे कपडे घालतात तरी कधी त्या बायका?"

"साहेब सांगत होते, दोन-तीनदा घालतात आणि टाकून देतात."

बुबू तिथेच बसली होती. तिनं पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाली, "कफन तर एकदाच घालतात. पण त्याला आम्ही रंग लावत नाही."

रंगघरातली बाई दिवसातून दोनदा संडासला गेली की सुपरवायझर नावानं हाका मारायचा, सगळ्यांसमोर. म्हणून पारुल सकाळी सातपासून पाणीच प्यायची नाही. सगळ्याच पिणं टाळायच्या. संध्याकाळी घरी आली की आईच्या मडक्यातलं पाणी लागोपाठ चार-पाच पेले प्यायची, दिवसभराची तहान एकदम भागवायची. बुबू समोर बसून ती पिताना बघायची. लेकरू जेवताना आई बघते ना, तशी.

दोन वर्षांपूर्वी, वैशाखात, पारुलची पावलं सुजायला लागली. मग चेहरा. मी तिला चिडवलं, "काय गं, मलेशियाचे पैसे येतात वाटतं गुपचूप? गाल बघ कसे भरलेत." ती हसली. आता ते आठवलं की जीभ छाटून टाकावीशी वाटते. नंतर अंगाला खाज, अन्नावरची वासना गेली, चार पावलं चालली की धाप. हकिमाचा काढा झाला, दर्ग्याचा ताईत झाला. शेवटी ती डाईंगच्या फाटकात चक्कर येऊन पडली तेव्हा आम्ही तिघी ढाक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीण पारुलहून वयानं लहान होती, पण बोलायला बरी. तिनं तपासण्या केल्या आणि आम्हाला बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या आहेत. मग तिनं कामाचं विचारलं. भुकटीचं, संडासचं, सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "आणि पाणी कुठलं पिता?"

बुबू याच प्रश्नाची वाट बघत होती जणू. "पाण्याची काळजी नको, डॉक्टरसाहेब. पाणी माझ्या हातचं आहे." आणि तिनं सगळं सांगितलं. तुरटी, वाळू, कोळसा, ऊन. सांगताना तिचा आवाज चढला. डॉक्टरीण लिहायची थांबली.

"कुठलं पाणी घेता गाळायला?"

"पंपाचं. पंपाला कमी आलं तर ओढ्याचं. पण शेवटी काचेसारखं होतं. चाखून बघते मी."

"पुढच्या वेळी एक बाटली आणा," डॉक्टरीण म्हणाली. एवढंच.

आम्ही नेली. तीन आठवड्यांनी तिनं कागद समोर ठेवला. आम्हाला काय वाचता येतंय? तिनं सांगितलं की यात शिसं आहे, क्रोमियम आहे, आणखी काय काय आहे, आणि प्यायच्या पाण्यात असावं त्याच्या कितीतरी पट आहे.

बुबू म्हणाली, "पण रंग नाही त्याला."

"रंग खाली बसतो, चाची. विष बसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही आणि चव पण नाही."

बुबूचा चेहरा मी आजवर शेकडो मयतांपाशी पाहिला आहे. असा कधी पाहिला नव्हता. डॉक्टरणीच्या लक्षात आलं असावं. ती घाईनं म्हणाली, "हे बघा, किडनी कशानं गेली ते मी शपथेवर सांगू शकत नाही. भुकटी आहे, लघवी दाबून ठेवणं आहे, पाणी आहे. सगळं मिळून झालं असेल. एकट्या पाण्यावर ढकलता येत नाही."

पण बुबूनं पुढचं ऐकलंच नाही.

बसमधून येताना पारुल आईचा हात धरून बसली होती. आवाज तिचा आधीच गेलेला. तरी ती भांडत होती. "अम्मा, आठ वर्षं मी ती भुकटी हुंगते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून बसते. आणि दोष काय तो तुझ्या मडक्याला?"

"भुकटी त्यांनी दिली," बुबू म्हणाली. "पाणी मी दिलं."

"ओढा तू रंगवलास का?"

"पेला मी भरला."

मला इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशानं आपणच फास गळ्यात घालून घेतला होता. चोराला तर पत्ताही नव्हता. आम्ही उतरलो तेव्हा डाईंगच्या नळातून ओढ्यात पाणी पडत होतं, आणि त्या दिवशीचा रंग विटकरी होता.

मग रक्त धुण्याचे दिवस आले. आठवड्यातून दोनदा पारुलला यंत्राला लावायचे. डाईंगनं दुसऱ्या महिन्यात तिचं नाव काढून टाकलं. तिच्या जागी हसनाहेनाची धाकटी मुलगी लागली, आमच्याच गल्लीतली. बुबू यंत्रापाशी पाट टाकून बसायची. एकदा तिनं तिथल्या माणसाला विचारलं, "हे कुठल्या पाण्यानं धुता?"

तो म्हणाला, "खास पाणी असतं, चाची. यंत्रात तयार होतं."

"मला जरा चाखू दे."

"हे चाखून कळत नाही. मोजावं लागतं."

बुबूनं मान हलवली. नंतर कितीतरी दिवस ती मला सांगायची, "सालेहा, ते मोजतात." तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती. साठ वर्षं नमाज पढून शेवटी कुणी सांगावं की किब्ला दुसऱ्याच दिशेला आहे, तसं झालं होतं तिचं.

घरात तिनं मडक्यांना हात लावणं बंद केलं. पारुलसाठी मोतालेब होडीनं पलीकडून पाणी आणायचा. वस्तीला मात्र तिनं काही सांगितलं नाही. तब्येत बरी नाही, म्हणाली. बायकांनी आपापसात वाटून घेतलं, मडकी त्यांनीच चालवली. तेव्हा मी विचारलं, "सांगत का नाहीस?" तर म्हणाली, "पारुल आहे तोवर नाही. लोक तिच्यासमोर मला बोलतील आणि ती भांडायला उठेल. तिला उठायची ताकद नाही."

सात महिन्यांनी, फाल्गुनातल्या एका सकाळी, पारुल गेली. रात्री आईकडून केस विंचरून घेतले होते तिनं.

तिला आंघोळ कोण घालणार असा प्रश्न कुणी विचारला नाही. आम्ही पडदा बांधला, बोरीचा पाला उकळला, कापूर काढून ठेवला. पाणी मोतालेबनं तिला प्यायला म्हणून रात्रीच आणून ठेवलेलं, नदीपलीकडचं. मी कळशी पुढे सरकवली. बुबू बसून राहिली. बोट बुडवेना.

"बुबू, बघ ना पाणी."

"तू चाख."

"मी? मला काय कळतंय?"

"मला तरी काय कळत होतं?"

एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पाण्यासारखं पाणी होतं. नदीपलीकडे तरी काय आहे कोणास ठाऊक, तिकडेही आता भिंती झाल्यात. पण मी म्हटलं, "चांगलं आहे." बुबूनं माझ्याकडे बघितलं आणि लेकीचा उजवा हात उचलला. "ओत," म्हणाली.

पारुलच्या अंगावर काय दिसलं ते मी सांगणार नाही. नियम आहे. मात्र हा नियम कुणाच्या फायद्याचा ठरला ते मी त्या दिवसापासून विचार करत असते. रंगघरातल्या किती बाया आम्ही दोघींनी धुतल्या, काय काय पाहिलं आणि झाकलं. आम्ही मेलेल्यांची लाज राखत होतो. राहिली मात्र दुसऱ्याच कुणाची.

तीन दिवसांचा शोक संपला आणि चौथ्या सकाळी बुबूनं अंगणातली तीसच्या तीस मडकी उपडी केली. बायका कळशा घेऊन आल्या आणि ओल्या अंगणात उभ्या राहिल्या. मग तिनं सांगितलं. डॉक्टरणीनं जे जे सांगितलं ते सगळं, एकही शब्द न गाळता. शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला विष पाजलं. मला माहीत नव्हतं. माफ करायचं की नाही ते तुमचं."

कुणी रडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. हसनाहेनाच्या कडेवर नातू होता. ती बोलायला नेहमीच पुढे. म्हणाली, "खाला, सांगितलंत ते बरं केलंत. आता प्यायचं काय तेवढं पण सांगा."

बुबू उपड्या मडक्यांकडे बघत राहिली. बायका रिकाम्या कळशा घेऊन गेल्या. काहीजणी अर्ज घेऊन युनियन कार्यालयात, म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीत, गेल्या. तिथल्या माणसानं अर्ज ठेवून घेतला. तो अजून तिथेच आहे.

आठवडाभर वस्ती पंपाचं पिवळं पाणी प्यायली. मोतालेबच्या एका होडीत दोनशे घरांचं पाणी बसत नाही. लहान पोरं हगवणीनं हैराण झाली. हसनाहेनाच्या नातवाचे डोळे खोल गेले. आठव्या दिवशी ती तुरटीचे चार खडे पदरात बांधून आली, बुबूच्या उंबऱ्यावर ठेवले आणि खाली बसली.

"मोठं झाल्यावर किडनी जाईल तेव्हा जाईल, खाला," ती म्हणाली. "हे पोर या आठवड्यात जातंय."

बुबूनं ते खडे उचलून घेतले. मग उठली आणि एक मडकं सुलटं केलं.

आता पुन्हा तीस मडकी आहेत. वाळू, कोळसा, ऊन, सगळं तसंच. ती आता चाखत मात्र नाही. फजरनंतर रांग लागते, आणि बुबू एकेकीची कळशी भरताना तेच वाक्य म्हणते, एकीलाही चुकवत नाही. "हे नुसतं दिसायला स्वच्छ आहे गं. धुण्याभांड्याला घे. पिऊ नकोस." प्रत्येक बाई "हो खाला" म्हणते आणि कळशी कडेवर घेते. बुबू त्यांच्या पाठीकडे बघत राहते. सगळ्या घरी जाऊन काय करतात ते तिला माहीत आहे.

मी रांगेत शेवटची असते. मलाही ती तेच सांगते, बावीस वर्षांच्या मैत्रीची सूट देत नाही. मी "हो बुबू" म्हणते, घरी येते, आणि खापरी चुलीवर ठेवायच्या आधी एक पेला भरून पिते.